त्सोलफेराइन: नारिंगी जिन्याच्या पुढेही जा

जर्मनीतल्या एसेनच्या मुख्य स्टेशनवरून 107 नंबरची ट्राम थेट त्सोलफेराइनला जाते. उतरलं की समोरच 12 नंबरच्या शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीचा, लोखंडी मनोरा दिसतो. हा शाफ्ट 1932 मध्ये सुरू झाला. ही कोळसा खाण 1986 च्या डिसेंबरात बंद पडली आणि 2001 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली.

बहुतेक जण येतात ते जिन्यासाठी. कोळसा धुण्याच्या अवाढव्य इमारतीत आता रूर म्युझियम आहे. वास्तुकार रेम कूलहास यांच्या ओएमए संस्थेने तिला बाहेरून 58 मीटर लांबीचा सरकता जिना जोडलाय. तो तुम्हाला थेट 24 मीटरच्या मजल्यावर नेऊन सोडतो आणि तिथून म्युझियम बघत खाली यायचं. इथे कोळसाही असाच वर चढवून मग खाली आणत. उतरायचा जिना म्हणजे वितळलेल्या पोलादाचा ओघळ, असं वास्तुकारांच्या मनात होतं. काळपट काँक्रीटच्या भिंती आणि मधून गेलेला पेटता नारिंगी पट्टा. कठड्याला हात लावताना क्षणभर बोटं मागे येतात. लोखंड अर्थातच गार असतं.

देखणा आहे, वाद नाही. पण ही वॉशरी. इथे पाण्याने कोळसा आणि दगड वेगळे करत, पोलादाचा रस इथे कधी वाहिलाच नाही. वास्तुकाराने धग आणून ठेवली ती नेमकी ओल्या कामाच्या जागी. म्हणून फोटो काढून परत फिरू नका.

आवाराच्या कडेला पांढुरका, मोठ्या चौकोनी खिडक्या विखुरलेला एक ठोकळा आहे. सेजिमा आणि निशिझावा या जपानी वास्तुकारांच्या साना संस्थेने 2006 मध्ये बांधलेला. खाण बंद झाली तरी खालचं पाणी उपसावंच लागायचं आणि सुमारे 1000 मीटर खोलीवरून येणारं ते पाणी मुळातच कोमट, 28 अंशांच्या आसपास. त्याची उष्णता घेऊन भिंतीत ओतलेल्या नळ्यांतून फिरवायची, अशी योजना केली. त्यामुळे वेगळा उष्णतारोधक थर न लावता भिंत 30 सेंटिमीटरवर भागली. माझ्या मते साऱ्या आवारातली सगळ्यात हुशार कल्पना हीच आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. आत सहसा सोडत नाहीत. बाहेरून भिंतीची जाडी खिडकीच्या कडेला नीट दिसते.

खरी आग होती ती कोक भट्ट्यांत, जिथे कोळसा तापवून पोलादाच्या कारखान्यांसाठी कोक हे इंधन बनवत. 1993 मध्ये विझलेल्या 304 भट्ट्या, आत हजार अंशांच्या वर ताप. आता हिवाळ्यात त्यांच्या शेजारी बर्फावर स्केटिंग चालतं आणि उन्हाळ्यात कंटेनर कापून केलेला पोहण्याचा तलाव उघडतो. तो फक्त सुट्टीच्या हंगामात असतो, तेव्हा पोहायचे कपडे नेण्याआधी चौकशी करा. मुख्य आवारापासून इथवर बरंच चालावं लागतं, बूट चांगले घाला. जाळीच्या लोखंडी पायऱ्यांवर टाचांची पादत्राणं अडकतात.

क्रम असा ठेवा: सकाळी म्युझियम, दुपारी पांढरा ठोकळा, अंधार पडता पडता भट्ट्या. तेव्हा त्यांच्यावर लाल दिवे लागतात. खाणीचं बॉयलर हाऊस वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी बदलून तिथे रेड डॉट डिझाइन म्युझियम केलंय. तेही बघायचं असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं.