रुखवताचा फेव्हिकॉल आणि माझी दहा नखं : घरगुती नेल ग्लूचा अनुभव

मावसबहिणीचं लग्न रविवारी आणि शुक्रवारी रात्री साडेनऊला मला कळलं की माझ्या नखांचा ग्लू वाळून खडा झालाय. प्रेस-ऑन नखं, म्हणजे आपल्या नखांवर चिकटवायची तयार प्लास्टिकची नखं, ऑनलाइन मागवली होती, चोवीसची डबी, वाईन कलर आणि त्यावर बारीक सोनेरी रेघ, पैठणीच्या काठाला मॅच करून घेतलेली. त्यातली ग्लूची चिमुकली ट्यूब मी गणपतीतच दुसऱ्या एका सेटसाठी फोडली होती, टोपण नीट बसलं नसणार, पर्समध्ये तशीच पडून राहिली. दाबली तर आत टणक. सुई घालून पाहिली तर सुईच अडकून बसली.

मावशीचं गाव तासगावपासून बरंच आत. गावात एक किराणा आणि एक स्टेशनरी-कम-रिचार्जचं दुकान, ते आठला बंद. सांगलीहून कुणाला आणायला सांगावं तर घरातले सगळे पुरुष मांडव, जनरेटर आणि आचारी यात अडकलेले, त्यांना "नखांचा गोंद आणा" म्हणायची माझी हिंमत नव्हती. पण माजघरात रुखवत मांडायचं काम चालू होतं, सुपाऱ्यांना लेस लाव, ताटाला कुंदन चिकटव वगैरे, आणि मधोमध फेव्हिकॉलचा अर्ध्या किलोचा डबा. मी म्हटलं, झालं काम. लाकूड चिकटतं तर नख का नाही चिकटणार!

तर पहिला प्रयोग नुसत्या फेव्हिकॉलचा. डाव्या हाताच्या पाचही बोटांना लावला, नखं दाबली, त्यावर सेलोटेप गुंडाळली आणि तशीच झोपले. सकाळी टेप काढली तर अंगठ्याचं नख साबणाच्या वडीसारखं सरकून खाली आलं. उलटं करून पाहिलं तर कडेकडेनं काचेसारखी पारदर्शक रेघ धरलेली आणि मध्ये अजून पांढरं दूध, जसंच्या तसं ओलं. सात तासांनंतर! शेजारी आजी वाती वळत बसली होती, ती म्हणाली, "अगं आम्ही पाकिटं भाताच्या शितानं चिकटवायचो, कधी सुटली नाहीत. तुला एवढा डबा लागतो?"

पण आजीच्या त्या बोलण्यावरूनच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाकीट कागदाचं असतं, ते पाणी पितं. फेव्हिकॉल म्हणजे पाण्यात कालवलेलं पीव्हीए नावाचं प्लास्टिक, त्यातलं पाणी निघून गेलं की तो घट्ट होतो, पांढऱ्याचा पारदर्शक होतो. लाकूड पाणी शोषतं, कागद शोषतो, कापड शोषतं. इथे खाली नख आणि वर प्लास्टिक, पाणी जाणार कुठून? कडेनं जेवढं उडालं तेवढं वाळलं आणि कडा वाळल्यावर मधल्याची वाटच बंद झाली. म्हणजे कितीही वेळ दाबून धरलं असतं तरी काही उपयोग नव्हता.

दुसरा प्रयोग शनिवारी दुपारी, तो जो सगळीकडे व्हिडिओत दाखवतात, पांढरा गोंद आणि ट्रान्सपरंट नेलपेंट एकत्र करायचं. व्हिडिओत ते कसं छान मधासारखं होतं. मी एका स्टीलच्या वाटीत चमचाभर फेव्हिकॉल घेतला, त्यावर अर्धी बाटली नेलपेंट ओतलं आणि माचिसच्या काडीनं ढवळलं, तर दूध नासल्यावर होतं ना तसं झालं, आधी पांढरे तंतू, मग गोळे, आणि काडीला रबरासारखं ओढत येणारं काहीतरी. नेलपेंटमधला चिकट भाग विरघळलेला असतो सॉल्व्हंटमध्ये, पाण्यात नाही, त्यामुळे फेव्हिकॉलमधलं पाणी लागलं की तो फाटतो. त्यातल्या त्यात गुळगुळीत भाग काडीवर घेऊन एक नख लावलं, ते बसलं पण खाली गुठळी राहिल्यामुळे एका बाजूनं उचललेलं, केसातून हात फिरवला की केस अडकायचे. वाटी घासताना आईनं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. (वाटी रिमूव्हरनं निघाली, घासणीनं नाही.)

याच दुपारी तो प्रकार झाला, तो मुद्दाम सांगते. माझी धाकटी मामेबहीण, अकरावीत आहे, ती म्हणाली ताई एवढं काय करत बसलीयेस, थांब. आणि कुठूनतरी ती पाच-दहा रुपयांची इन्स्टंट गमची ट्यूब घेऊन आली, चप्पल, बादली, खेळणी चिकटवतो ती. मी नको म्हणेपर्यंत तिनं स्वतःच्या बोटावर पिळलीसुद्धा. तो गम पाण्यासारखा पातळ, नखावर थांबलाच नाही, सरळ कडेनं बोटावर ओघळला, आणि पुसायला तिनं हाताशी होता तो आजीचा वातीचा कापूस घेतला. दोन सेकंदात किंचाळली. कापूस गरम झाला होता, खरंच चटका बसेल इतका, आणि नाकात झोंबणारा वास. आम्ही तसाच हात नळाखाली धरला, बराच वेळ, मग कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून कापूस हळूहळू सोडवला, ओढला नाही. फोड आला नाही हे नशीब, लाल डाग मात्र लग्नाच्या फोटोत आहे.

या गममध्ये असतं सायनोॲक्रिलेट. कापूस किंवा लोकर लागली की ते झटकन घट्ट होतं आणि होताना उष्णता सोडतं, म्हणून त्याला कापसानं किंवा सुती कपड्यानं कधीच पुसायचं नाही. गंमत म्हणजे विकतचा नेल ग्लू हासुद्धा त्याच जातीचा, त्यामुळे बऱ्याच जणी म्हणतात की मग एकच ना, काय फरक पडतो. फरक पडतो. नखाचा ग्लू तुलनेनं दाट असतो, थेंब जागेवर राहतो आणि तो नखावर लावायचा म्हणूनच बनवलेला असतो, हा गम चप्पल-बादलीसाठी. १९४२ मध्ये कोडॅक कंपनीच्या लोकांना हे रसायन बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडलं होतं आणि जिथे लागेल तिथे चिकटतं म्हणून त्यांनी बाजूला टाकलं, बाजारात आलं १९५८ ला. जिथे लागेल तिथे चिकटतं ही तक्रार आमच्या माजघरात परत एकदा सिद्ध झाली. आणि हवेतल्या दमटपणानंच ते घट्ट होत असल्यामुळे माझी ट्यूब का वाळली तेही कळलं, टोपण सैल होतं, संपलं.

असो. तिसरा प्रयोग जमला. डोकं लावलं ते एवढंच की दोन्ही गोष्टी मिसळायच्या नाहीत, थरावर थर द्यायचे, आणि फेव्हिकॉलमधलं पाणी नख दाबायच्या आधीच उडू द्यायचं. आधी फक्त डाव्या करंगळीवर करून पाहिलं. ट्रान्सपरंट नेलपेंटचा एक हात, तो पूर्ण वाळू दिला. त्यावर फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर, टूथपिकनं पसरवलेला, साय जेवढी असते तेवढाच. मग फॅनखाली बसून राहायचं. आधी पांढरं, मग धुरकट, मग कडेनं पारदर्शक व्हायला लागतं, आणि मध्ये किंचित धुरकट असतानाच बोट लावलं तर चिकट लागतं पण बोटाला येत नाही. तो क्षण. मला साधारण दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्यात प्लास्टिकच्या नखाला आतून नेलपेंटचा एक हात द्यायचा, तोही अर्धवट सुकू द्यायचा, आणि मुळाकडून टोकाकडे असं दाबत आणायचं म्हणजे हवा अडकत नाही. दीड-दोन मिनिटं दाबून धरायचं, मनात शंभर मोजायचे. जास्त दाट लावलं तर पहिल्या प्रयोगाचीच गत होते, उजव्या अंगठ्याला तीच चूक झाली, पुढे कळेल.

करंगळी चार वाजता लावली आणि साडेआठला मांडवात हळद लागेपर्यंत घट्ट बसलेली होती. नंतर हळदीची पातेली विसळायला बसले आणि बरोबर वीस मिनिटांत ती बेसिनमध्ये. म्हणजे कोरड्यात चार-साडेचार तास, पाण्यात वीस मिनिटं. हा हिशोब आदल्या दिवशीच कळला ते फार बरं झालं, नाहीतर मी सकाळी सहालाच सगळी लावून बसले असते.

हळदीचं अजून एक. हळदीत तेल कालवलेलं असतं आणि ते नखाच्या कडेला जे बसतं ते हात धुऊन जात नाही. रविवारी सकाळी मी आधी भांड्यांच्या साबणानं जुन्या ब्रशनं नखं घासली, मग दोनदा सॅनिटायझर लावून कोरडी केली, कानशीनं नखावर अगदी हलकं एकदाच फिरवलं, आणि कडेची कातडी मागे सारली. नखांची साईजही आधीच लावून ठेवली होती, प्रत्येक नखाच्या आत नंबर असतो, दोन साईजच्या मधली वाटली तर मोठी घेऊन कडेनं घासायची, लहान घेतली की ती सतत उचलत राहते. एवढं सगळं करून दहा बोटांना सव्वा तास लागला, साडी नेसायच्या आधी, कारण नंतर निऱ्या कोण घालणार. डावा हात मी केला, उजवा मामेबहिणीनं, लाल डागवाल्या बोटानं.

मुहूर्त बारा पस्तीसचा. फोटो झाले, सगळ्या बायकांनी "पार्लरला कुठे गेलीस" विचारलं, मी तासगाव म्हणून सांगितलं. मंगलाष्टकांना उजव्या मुठीत अक्षता घेतल्या. मे महिना, मांडवात गर्दी, अष्टकं पाच की सहा, मूठ घामानं चिंब आणि अक्षताही कुंकवानं ओलसरच. अंगठ्याच्या कडेनं जास्तीचा फेव्हिकॉल बाहेर आलेला होता तो परत मऊ पडला, तांदळाचे दाणे त्याला चिकटायला लागले हे मला जाणवत होतं, पण मूठ उघडून बघणार कोण. शेवटचं "सावधान" झालं, सगळ्यांबरोबर मीही जोरात टाकल्या. मूठ रिकामी झाल्यावर पाहिलं तर अंगठा उघडा.

पंगतीत मी हातानं जेवलेच नाही, चमचा मागून घेतला, मावशीच्या सासूबाईंनी पाहिलं, पाहू देत. वरणात नख पडण्यापेक्षा तो चमचा परवडला. चार वाजेपर्यंत तर्जनी आणि मधलं बोट गेलं, ती दोन्ही पर्समध्ये ठेवली. रात्री उरलेली सात काढायला कोमट पाणी, थोडा शाम्पू, थोडं खोबरेल, पंधरा मिनिटं बोटं बुडवून बसले आणि ती आपोआप सैल झाली. खाली नेलपेंटचा थर होता तो रिमूव्हरनं गेला, माझं नख कुठेही सोललं नाही. विकतच्या ग्लूनं मागच्या वेळी घाईत उचकटताना वरचा पापुद्रा निघाला होता, तसं काहीच नाही. ठेवून द्यावीशी वाटली तरी मी ठेवली नाहीत, खाली पाणी जाऊन राहिलं की नख मऊ पडतं, कधीकधी जंतू होऊन हिरवट डाग येतो, आणि या ग्लूत पाणी शिरणारच.

नखं धुऊन डबीत परत ठेवली, नऊ. दहावं मांडवात खुर्च्यांखाली शोधलं, सतरंजी झटकली, नाही मिळालं. चार दिवसांनी मावसबहिणीचा सासरहून फोटो आला, शालूची घडी घालताना निऱ्यांत सापडलं म्हणे, खाली लिहिलेलं, "हे तुझंच ना?" फोटो मोठा करून पाहिला. वाईन कलर, सोनेरी रेघ, आतून फेव्हिकॉलची पारदर्शक साय आणि तिच्यात घट्ट रुतून बसलेले तांदळाचे तीन लाल दाणे.