साध्या डीव्हीडीवर एचडी: गेर अखेर डिस्कवर बसली

मागच्या नोंदीत एव्हीसीएचडी डिस्क जमल्याचं लिहिलं होतं. तेव्हा डिस्कवर होतं ते आजीचं बोलणं. आजी खुर्चीत, मागे भिंत, आणि हलतात ते फक्त तिचे हात. असल्या चित्रणावर कुठलाही एन्कोडर, म्हणजे चित्रण दाबून लहान करणारा प्रोग्राम, शहाणा ठरतो. या वेळी इंदूरच्या रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, घेतली. राजवाड्यासमोरच्या गच्चीवरून काढलेलं चित्रण, खाली मुंगीला वाट नाही अशी गर्दी, पाण्याचे टँकर आणि गुलाल उडवणारी यंत्रं.

नव्यांसाठी थोडक्यात. एव्हीसीएचडी हा सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ साली आणलेला प्रकार. आत एच.२६४ पद्धतीने दाबलेलं चित्र, सोबत डॉल्बी डिजिटल आवाज, आणि डिस्कवर ब्लू-रेसारखंच बीडीएमव्ही नावाचं फोल्डर. ते साध्या डीव्हीडी-आरवर यूडीएफ २.५० या फाइल-रचनेत जाळलं (लिहिलं) की बरेच ब्लू-रे प्लेयर ती डिस्क एचडीत दाखवतात. सगळेच दाखवतात असं नाही. प्लेयरच्या तोंडावर एव्हीसीएचडीचा शिक्का आहे का ते आधी बघा. डीव्हीडीवर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वाचायचा डेटा, १८ मेगाबिटच्या आत ठेवावा लागतो. डीव्हीडीचा एकपट वेग म्हणजे ११ मेगाबिट, तेव्हा १८ साठीही डिस्क दीडपटीहून जास्त वेगाने फिरवावी लागते. आणि १८ ने लिहिली तर एका डिस्कवर अर्धा तास, फार तर पस्तीस मिनिटं.

पेनड्राइव्हवर का देत नाही, हा प्रश्न घरात दर वेळी येतो. दिलेला पेनड्राइव्ह परत येत नाही, आला तर त्यावर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या गेरचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. कोरी डीव्हीडी मात्र प्लेटभर पोहे-जलेबीपेक्षा स्वस्त पडते. दिली की विसरून जायची.

आता गेर. आमचा हँडीकॅम १०८०आय-५० काढतो (१०८० ओळींचं इंटरलेस चित्र: सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येकात एकाआड एक ओळी), १७ मेगाबिटच्या मोडमध्ये. या मोडचा मोठा फायदा असा की तुकडे टीएसमक्सर या जोडणीच्या प्रोग्राममधून थेट डिस्कच्या फोल्डरात जातात. पुन्हा एन्कोड करायचंच नाही, कॅमेऱ्याने टिपलं तसंच्या तसं. (कॅमेऱ्यात २४ मेगाबिटचाही मोड आहे, पण तो डीव्हीडीच्या मर्यादेबाहेर. डिस्क करायची असेल तर तो विसरा.) ज्यांचं चित्रण अर्ध्या तासात मावतं त्यांनी इथेच थांबावं. सगळ्यात चांगली प्रत ती.

माझं मावत नव्हतं. गेरसोबत आजीचं बोलणं आणि घरची पुरणपोळी एकाच डिस्कवर हवी होती, मिळून पाऊण तास. म्हणजे सरासरी १२ मेगाबिट. १०८०आय तसंच ठेवून १२ वर आणलं, तर गर्दी चालून गेली; गुलाल उडाला तिथे चित्र फुटलं. तो क्षण फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून पाहिला. यंत्रातून गुलाबी लोट निघतो, वर जातो, आणि राजवाड्याच्या लाकडी मजल्यांसमोर पसरतो. पहिल्या काही फ्रेममध्ये खिडक्यांची जाळी स्पष्ट आहे. मग लोटाच्या कडेला चौकोन दिसायला लागतात, जाळी पुसली जाते, आणि लोट विरायला लागल्यावर ती हळूहळू परत येते. कारण उघड आहे. एन्कोडर आधीच्या फ्रेमवरून पुढची बांधतो, आणि गुलालाचा कुठलाच कण आधीच्या जागी नसतो. त्यात इंटरलेस, म्हणजे दोन फील्ड वेगवेगळ्या क्षणांची. सगळे बिट तिथेच संपतात.

उपाय दोन केले. पहिला, क्यूटीजीएमसी या स्क्रिप्टने डीइंटरलेस करून, म्हणजे फील्डांची पूर्ण चित्रं बनवून, ७२०पी-५० केलं (७२० ओळी, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम). एकूण पिक्सेल फारसे कमी होत नाहीत (सेकंदाला साधारण ५.२ कोटींचे ४.६ कोटी), पण असं पूर्ण फ्रेमचं (प्रोग्रेसिव्ह) चित्र एन्कोडरला सोपं जातं आणि कॅमेऱ्याची खरखरही जाता जाता कमी होते. हालचाल पन्नासच्या पन्नास राहते. १०८० चा आकडा सोडवत नाही अशांशी माझं जमत नाही. गेरमध्ये धावणारा माणूस नितळ दिसणं जास्त मोलाचं. आमच्या जुन्या मशीनवर ही पायरी रात्री लावून झोपायची गोष्ट आहे.

दुसरा उपाय म्हणजे तिन्ही भाग आधी जोडून, एकच सलग फाइल म्हणून एक्स-२६४ या एन्कोडरच्या दोन पासमध्ये (आधी पाहणी, मग प्रत्यक्ष एन्कोड) काढायचे. वेगवेगळे एन्कोड केले की प्रत्येकाला १२ मिळतात, आणि आजीची भिंत ते १२ मेगाबिट फुकट खाते. एकत्र केलं की आजी ६-७ वर भागवते, वाचलेलं गुलालाला जातं. जाणकारांसाठी सेटिंग: कमाल मर्यादा आणि बफर दोन्ही १५,००० किलोबिटवर, लेव्हल ४.१, चार स्लाइस, दर सेकंदाला एक की-फ्रेम, ब्लू-रे सुसंगतीचा पर्याय चालू. लोट आता लोटासारखा दिसतो. अगदी टीव्हीजवळ जाऊन बघितलं तर कडा किंचित मऊ आहेत, पण जाळी शाबूत आहे.

भाच्याच्या फोनवरच्या क्लिप वेगळ्या टायटलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या स्वतंत्र भागात, ठेवल्या. फोन ३० फ्रेमने काढतो, तेही कमी-जास्त वेगाने. आधी वेग स्थिर केला नाही तर ढोल एकीकडे आणि टिपरी दुसरीकडे. ५० आणि ३० ची सरमिसळ एका टायटलमध्ये नकोच. एका टायटलवरून दुसऱ्यावर जाताना टीव्ही क्षणभर काळा होतो, तेवढं चालतं.

लोकमान्य नगरच्या आत्याकडे जुना डीव्हीडी प्लेयर आहे, म्हणून तिच्यासाठी साधी डीव्हीडी: ७२० गुणिले ५७६, इंटरलेस, एमपेग-२. पाऊण तासाला ८ मेगाबिट आरामात देता येतात. फक्त फील्डचा क्रम सांभाळा. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यात वरचं फील्ड आधी, जुन्या मिनी-डीव्ही टेपमध्ये खालचं. उलटं झालं की मिरवणुकीतला माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा चालतो. ५० पूर्ण फ्रेमचं चित्र आधीच तयार असल्याने तेच लहान करून पुन्हा इंटरलेस केलं, काम झालं.

कोऱ्या डिस्कचं बघू. डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी गेली, सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे मिळेल ते घ्यायची वेळ. जेल रोडवर विचारलं तर दुकानदार म्हणाला, "भिया, डीवीडी अब कौन लेता है?" आणि माळ्यावरून पन्नासचा डबा काढून दिला. डब्यावरच्या नावावर जाऊ नका. इम्गबर्न या डिस्क जाळायच्या प्रोग्राममध्ये मीडिया आयडी दिसतो, डिस्क मुळात कुणाच्या तंत्राची ते त्यातून बहुतेक कळतं. या डब्यात एमसीसी ०३आरजी२० निघाल्या, म्हणजे मित्सुबिशीच्या. १६ पट लिहिलेल्या असल्या तरी मी ८ पटीने जाळतो, नंतर व्हेरिफाय करतो, आणि विंडोजच्या मापाने ४.२ गिगाबाइटच्या पुढे भरत नाही. अडखळणं बहुतेक बाहेरच्या कडेला होतं.

मेनू अजून नाही. प्लेयर सुरू झाला की थेट गेर सुरू होते, आणि घरात अजून कुणाची तक्रार नाही.

पुढे अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे. रात्रीचं चित्रण, कापड गिरण्यांच्या झांक्यांचे फिरते दिवे, कॅमेऱ्याचा गेन (अंधारात चित्र उजळवणारी वाढ) वर चढलेला, म्हणजे अंधारभर वळवळणारी खरखर. ती एन्कोडच्या आधीच धुऊन काढावी लागेल, नाहीतर सगळे बिट काळ्या आभाळावर खर्च होतील. या वेळी गेनला मर्यादा घालून, स्टँडवर कॅमेरा ठेवून काढणार आहे. तरीही झांक्यांची डिस्क अर्ध्या तासाचीच होईल, हे काकांना आत्ताच सांगून ठेवलंय.