दाढ काढण्याआधी हाडांच्या औषधाची फाईल दाखवा

दातांचे डॉक्टर विचारतात, "काही औषधं चालू आहेत का?" आपल्याकडची आजी बीपीची आणि शुगरची गोळी सांगते. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची ७० मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेट, म्हणजे ठिसूळ हाडांची गोळी, तिला औषधात मोजावीशी वाटत नाही. हाडांसाठीच्याच झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन तर वर्षातून एकदाच लागतं, ते घरात कुणाच्याच लक्षात नसतं. दाढ काढताना नेमकं हेच सांगायला हवं.

ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतात, म्हणून मणका किंवा खुबा मोडायचा धोका कमी होतो. पण दात काढल्यावर जबड्यातलं जुनं हाड आधी उचललं जावं लागतं, तेव्हाच तिथं नवं भरतं. ते अडलं आणि त्यात जंतू शिरले, की हाड मरतं. हे खालच्या जबड्यात जास्त होतं. हिरडीतून पिवळसर-पांढरं, खरबरीत हाड डोकावतं, जिभेला टोचतं. पू येतो, तोंडाला घाण वास येतो, कधी खालचा ओठ बधिर होतो. जबड्याला रेडिएशन दिलेलं नसताना आठ आठवड्यांनंतरही हाड उघडंच असेल, तर ते औषधामुळे झालं असं धरतात.

घाबरून औषध सोडू नका. ठिसूळ हाडांसाठी गोळ्या घेणाऱ्यांत हा त्रास हजारात एकालाही होत नाही. कर्करोग हाडांत पसरल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक घेणाऱ्यांत तो कितीतरी जास्त दिसतो. मधुमेह, स्टेरॉईड, तंबाखू आणि टोचणारी कवळी यांनी त्यात भर पडते. मिश्री लावायची सवय असेल तर ती आधी थांबवा, दात काढल्यावर तर अजिबात नको.

सगळ्यात चांगलं म्हणजे औषध सुरू होण्याआधीच दात तपासून घेणं. काढायचे ते काढून दोन-तीन आठवडे जखम भरू द्यावी. औषध चालू असेल आणि दात वाचण्यासारखा असेल, तर रूट कॅनल बरा. काढावाच लागला, तर हाडाची धार घासून हिरडीला टाके घ्यावेत, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाने गुळण्या कराव्यात आणि हिरडी पूर्ण झाकेपर्यंत दाखवत राहावं.

दर सहा महिन्यांनी घ्यायच्या ६० मिलिग्रॅम डेनोसुमॅबचं, म्हणजे ठिसूळ हाडांच्या इंजेक्शनचं, गणित वेगळं आहे. त्याचा डोस लांबला तर मणके मोडू शकतात. म्हणून दात शक्यतो मागच्या डोसनंतर तीन-चार महिन्यांनी काढतात आणि जखम भरली की पुढचा डोस ठरल्या वेळी देतात. त्यासाठी हाडांचे आणि दातांचे डॉक्टर एकमेकांशी बोललेले हवेत. गावात तशी सोय नसेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना जुनी फाईल आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.