स्टेपनीनं चुगली केली

माझ्या महिंद्रा थार जीपला पंधरा वर्षं भरत आली. २०११ च्या जानेवारीतली गाडी, त्यामुळे दिवाळी आटोपली तसा आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, नूतनीकरणाच्या मागे लागलो. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. ज्या आठवड्यात केळीची कापणी नव्हती तो धरला, ऑनलाइन फॉर्म भरला, विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती असं सगळं फाइलीत लावलं आणि गाडी घासून घासून धुतली. पोरगा म्हणाला, "बाबा, एवढं तर लग्नालाही धुतलं नव्हतं."

मोटार वाहन निरीक्षक तरुण होते, बोलण्यावरून नागपूरकडचे असावेत. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतली. हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, वायपर झाले. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. साहेब चालत मागे गेले आणि दारावर टांगलेल्या स्टेपनीजवळ थांबले.

"ही कोणाची?"

"गाडीचीच आहे साहेब. कंपनीची."

"मग खाली लावलेली कोणाची?"

आता काय सांगणार! आठ वर्षं मी चार मोठे टायर पळवले, पण पाचव्याचे पैसे वाचवायला स्टेपनी जुनीच ठेवली होती. तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं, २३५/७० आर १६. खाली चारही चाकांवर २६५/७५ आर १६. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचा स्टिकर, त्यावर पुन्हा तेच २३५/७०. स्टेपनीनं अशी चुगली केल्यावर साक्षीदार शोधायला लांब जायची गरजच उरली नाही.

हे आकडे ज्यांना नुसते आकडे वाटतात त्यांच्यासाठी जरा हिशेब मांडतो, मला हिशेब आवडतो. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची. आर म्हणजे रेडियल आणि शेवटचा आकडा रिमचा, इंचात. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी. जुन्या टायरची एका बाजूची उंची १६४.५, दोन्हीकडची ३२९, म्हणून पूर्ण व्यास ७३५.४ मिमी. नव्याचा असाच काढला तर ८०३.९. फरक साडेअडुसष्ट मिलिमीटर, म्हणजे ९.३ टक्के. गाडी जमिनीपासून वर उचलली जाते ती याच्या निम्मी, चौतीस मिमी. काडेपेटीच्या रुंदीएवढी. रिमसकट लाखाच्या आसपास गेले होते ते त्या काडेपेटीसाठी.

घेतले का, तर २०१७ च्या श्रावणात अनेरच्या बाजूच्या एका नाल्यात गाडी अशी बसली की ट्रॅक्टर बोलवावा लागला. ट्रॅक्टरवाला दोर बांधता बांधता म्हणाला, "भाऊ, नावले फोर बाय फोर शे." ते लागलं. आठ दिवसांत टायरच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराला विचारलं, आरटीओचं काय? तो म्हणाला, "भाऊ, कोणी विचारत नाही." खरंच आठ वर्षं कोणी विचारलं नाही. नाक्यावरचे पोलीस तर कौतुकानं बघायचे.

कायदा मात्र होता. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम ५२ सांगतं की आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या पडतील असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांचं खंडपीठ होतं. तेव्हा आमच्या जीपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं, तिसऱ्या दिवशी कोणीतरी चिखलातला व्हिडिओ टाकला आणि विषय संपला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२ए आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मी साहेबांना विचारलं, चार टायर म्हणजे चार बदल की एक? ते हसले. उत्तर दिलं नाही, दंडही केला नाही, मूळ मापाचे टायर लावून परत या म्हणाले.

पण मी खान्देशातला माणूस, वाद घातल्याशिवाय थोडाच निघणार! म्हटलं, साहेब, माझ्या आरसीवर टायरचं माप कुठं आहे, दाखवा. नाहीच आहे. खासगी गाडीच्या आरसीवर रंग, वजन, आसनं, व्हीलबेस हे सगळं असतं, टायर नसतो. ट्रकसारख्या मालवाहू गाडीचं वेगळं, तिच्या नोंदीत प्रत्येक आसावरचे टायर किती, कुठल्या मापाचे, आणि आसावर भार किती हे लिहिलेलं असतं. मग माझी नोंद बदललीच कुठं?

साहेबांनी शांतपणे समजावलं. कंपनी गाडी विकायला काढते त्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तिची तपासणी होते. ब्रेक, स्पीडोमीटर, वळण्याची त्रिज्या, सगळं ठरावीक टायरवर मोजलं जातं. कंपनीनं जी मापं दिली त्यांच्यावर गाडी पास. केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या मापासाठी ९५ नंबरचा स्वतंत्र नियम आहे. "तुम्ही दुसरं चाक लावलं की ती पास झालेली गाडी राहिली का?" असं त्यांनी विचारलं आणि पुढच्या रिक्षाकडे वळले.

रागानं घरी आलो. पण वाटेतच एक एक गोष्ट आठवायला लागली, आणि खोटं का बोलू, साहेबांच्या बाजूच्या आठवणी जास्त निघाल्या.

पहिली स्पीडोमीटरची. काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, अंतर मोजत नाही. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि काट्याला ते कळत नाही. जुन्या टायरवर काटा ८० दाखवायचा तेव्हा मोबाइलचं जीपीएस ७६ सांगायचं. कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, नियमाप्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही. मोठ्या टायरवर काटा ८० आणि जीपीएस ८३. चार किलोमीटरची सूट गेली, वर तीनचं कर्ज. किलोमीटरही कमी पडायचे. मी दोन वर्षं बोंबलत होतो की अ‍ॅव्हरेज साडेअकरावरून साडेनऊवर आलं. हिशेब केला तर खरं साडेदहाच्या जवळ होतं, बाकीचं मीटर खात होता.

दुसरी आठवण तोरणमाळची. सात पायरी घाट उतरताना खालच्या वळणांवर ब्रेकचा जळका वास यायला लागला. गाडीत मेव्हणे होते, त्यांना वाटलं बाहेर कोणी शेत पेटवलंय. मीही तेच म्हटलं. आता कारण कळतं. ब्रेक चाकाच्या मधोमध धरतो आणि टायर रस्त्याला कडेवर धरतो. कड नऊ टक्के लांब गेली की तेवढंच थांबायला पाय नऊ टक्के जास्त दाबावा लागतो. शिवाय प्रत्येक चाक काही किलोंनी जड झालेलं, ते फिरतं वजन थांबवायचं ते वेगळंच. त्या थारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नव्हती, मागे ड्रम ब्रेक.

तिसरी सगळ्यात खर्चिक. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायचा. त्यावर दुकानातल्या पोराचा इलाज होता स्पेसर. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि रिम यांच्या मध्ये तीस मिमीची चकती घातली, चाक बाहेर आलं, घासणं थांबलं. पण मग चाक मडगार्डच्या बाहेर डोकावायला लागलं आणि चिखल थेट काचेवर. त्याहून वाईट म्हणजे भार बेअरिंगच्या ज्या जागेवर पडायचा तिथून बाहेर सरकला. घागर कमरेवर घेण्याऐवजी हात लांब करून धरल्यासारखं. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग पहिल्या वर्षातच घरघरायला लागलं, पुढे दोनदा बदललं. समोरची टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी, पिळून गाडी थोडी उचलून घेतली होती, त्यामुळे अलाइनमेंट कधीच धड बसलं नाही आणि टायर आतल्या बाजूनं खायला लागले.

आणि ज्या चिखलासाठी हे सगळं केलं, तो? आमचं रान काळं. पावसात ही माती टायरला लागत नाही, चिकटते, आणि थरावर थर चढत जातो. रुंद टायरवर तर जास्तच. मडगार्डमधली मोकळी जागा टायरनं आधीच खाल्लेली, तिथे गारा भरला की चाक फिरेना. माझे वडील बैलगाडीच्या धावेला लागलेला गारा काडीनं काढायचे तसा मी कोयत्यानं काढत होतो. त्या नाल्यात २०१९ मध्ये पुन्हा अडकलो. ट्रॅक्टरवाला तोच. या वेळी तो काही बोलला नाही, नुसते टायर बघितले.

एवढं सगळं मान्य करूनही माझी एक तक्रार शिल्लक आहे आणि ती मी सोडणार नाही. रस्ता नाही असं सांगता, पण परवानगी मागायला दारच का ठेवलं नाही? सीएनजीचं किट बसवायचं तर मान्यता मिळालेलं किट असतं, आरटीओत तपासणी होते, आरसीवर नोंद होते. गॅसची टाकी डिकीत ठेवायला वाट आहे, टायरला नाही. दुरुस्तीनंतरच्या कलम ५२ नुसार केंद्र सरकार अशा बदलांसाठी अटी ठरवून देऊ शकतं. म्हणजे कायद्यात फट आहे, दार बसवायचं राहिलंय.

माझा भाचा अ‍ॅडलेडला असतो. त्याच्याकडे जुनी लँड क्रूझर आहे. त्याला फोनवर रडगाणं सांगितलं तर म्हणाला, "मामा, इकडे पुस्तकच आहे." त्यानं पाठवलं. व्हीएसबी १४ नावाची त्यांची राष्ट्रीय संहिता. साध्या कारला कंपनीच्या टायरपेक्षा व्यास १५ मिमी वाढवता येतो, फोर व्हील ड्राइव्हला ५० मिमी. त्याच्या वर जायचं असेल तर मान्यताप्राप्त अभियंत्याकडे गाडी न्यायची, तो तपासतो, पटलं तर प्रमाणपत्र देतो, आणि मग गाडी तुमची तशी कायदेशीर. मी आनंदानं म्हटलं, बघ, हे पाहिजे! भाचा थोडा थांबून म्हणाला, "मामा, तुमचा फरक किती?" साडेअडुसष्ट. "मग तुम्ही इथेही साडेअठरानं नापास." म्हटलं, अभियंत्याकडे नेली असती. "ते स्पेसर बघून त्यानं गेटातूनच परत पाठवलं असतं." बहिणीनं पोराला फारच शिकवलंय.

मग दुरुस्ती. जुने रिम गोठ्याच्या माळ्यावर होते, एकात चिमणीनं घरटं केलेलं. स्पेसर काढले, टॉर्शन बार मूळ जागी आणल्या. टायर नवे घेतले, माप २३५/७० च, पण नक्षी ऑल टेरेनची. नक्षी तुमच्या मर्जीची, माप कंपनीचं. भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो) आणि वेगाचं अक्षर (किती वेगापर्यंत चालतो) मूळ टायरपेक्षा खालचं नको, टायरवर आयएसआय छाप पाहिजे. माझ्या जुन्या टायरवर १०५ होतं, म्हणजे एका टायरला ९२५ किलो. नव्यावरही निदान तेवढं आहे की नाही ते दुकानात चष्मा लावून स्वतः वाचलं. या वेळी स्टेपनीही घेतली. पाचही एकसारखे.

दुसऱ्या फेरीला साहेबांनी चाकं बघितली, वाकून एका टायरवरचं माप वाचलं आणि मग मागे जाऊन स्टेपनीवरचंही. सही केली. "आता बरी दिसते," म्हणाले. मला नाही दिसत. समोरून बघितलं की गाडी उपास केल्यासारखी वाटते, हे मी इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

नाल्यात परवा गेलो होतो, पाणी कमी होतं. टायरची हवा तीसवरून अठरा पीएसआयवर आणली, फोर लो, म्हणजे चारही चाकांना जास्त जोर देणारा हळू गिअर, टाकला, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पार. वर येऊन कॉम्प्रेसरनं हवा परत भरायला वीस मिनिटं लागली. हवा कमी करायचा उपाय २०१७ मध्येही होता आणि फुकट होता, त्यावर जास्त बोलत नाही.

ते चार मोठे टायर आता शेडमध्ये आहेत. दोन आतून गेलेत, दोन बरे आहेत. शेजारचे तात्या रोज संध्याकाळी येतात आणि त्यांच्यावर बसून चहा पितात. काल म्हणाले, "भाऊ, या दोन माले दी टाक, बैलगाडीले लावसू." म्हटलं, तात्या, रिमची भोकं तुमच्या हबला जुळणार नाहीत. ते म्हणाले, "वेल्डिंगवाला शे ना." मी अजून हो म्हटलेलं नाही.