नववीतली पोरं काय समुपदेशन करणार?

शाळेत पिअर मेंटर, म्हणजे लहान वर्गातल्या मुलांचं ऐकून घेणारी वरच्या वर्गातली मुलं, कशी नेमायची असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वरचा प्रश्न मुख्याध्यापक विचारतात, पालक विचारतात, आणि शाळेत पिअर मेंटर नेमायचं ठरलं की शिक्षकखोलीतही हमखास निघतो. उत्तर असं, की समुपदेशन त्यांनी करायचंच नाही. नववीतल्या मुलानं पाचवी-सातवीतल्या मुलाचं ऐकून घ्यायचं आणि जे आपल्या आवाक्याबाहेरचं वाटेल ते वेळेत मोठ्या माणसापर्यंत न्यायचं. बास. बहुतेक शाळा मात्र उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी मुलं निवडतात, बॅज वाटतात, फोटो काढतात. मुलानं काही गंभीर सांगितलं तर त्यानं जायचं कुणाकडे, हे ठरवायचं राहूनच जातं.

म्हणून आधी मोठी माणसं ठरवा. किमान दोन शिक्षक, त्यात एक बाई. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक हेल्थ अँड वेलनेस अँबॅसिडर, म्हणजे आरोग्यदूत म्हणून नेमायचे असतात. तेच घेतले तरी चालतील, पण शिस्तीचं खातं ज्यांच्याकडे आहे ते सर नकोत. छडीच्या धाकानं ज्यांच्यासमोर मान खाली जाते, त्यांच्याकडे कुणी मैत्रिणीला घेऊन जात नाही. या दोघांना वेळापत्रकात रोज एक ठरलेला ऑफ तास द्या आणि तो बदली तासासाठी वापरू नका. सगळ्यात जास्त कार्यक्रम इथेच मरतात.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा शालेय आरोग्याचा मोठा प्रयोग झाला. मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या गोव्याच्या संगाथ संस्थेचं हे काम. निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. एकच कार्यक्रम काही शाळांत त्याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी चालवला आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. पहिल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली; शिक्षकांच्या शाळांत फारसा फरक पडला नाही. तो प्रयोग पिअर मेंटरचा नव्हता, पण ज्याच्या डोक्यावर आधीच सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं आहे त्याच्या गळ्यात हेही बांधलं तर काय होतं, ते त्यावरून कळतं.

या शिक्षकांच्या पुढे कोण, तेही कागदावर हवं. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये निर्देश दिलेत की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. समुपदेशकाचं पद रिकामं ठेवून त्याजागी मेंटर उभे करणारी शाळा मुलांना फसवते आहे, असं आमचं स्पष्ट मत. खेड्यात निदान जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकचा वार आणि वेळ, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन नंबर, एवढं तरी शिक्षकांच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. दोन्ही नंबर मोफत आहेत आणि रात्री-अपरात्रीही लागतात.

आता मुलं. सहाशे पटाच्या शाळेला वीस ते चोवीस मेंटर पुरतात, एका शिक्षकामागे दहा-बारा. घ्यायचे नववीचेच. दहावीच्या मुलांना सराव परीक्षा गाठतात आणि आठवीची अजून कच्ची असतात. पहिल्या नंबरातली आणि वर्गाचे मॉनिटर मात्र टाळा. जो फळ्यावर बडबडणाऱ्यांची नावं लिहितो, त्याला कोण काय सांगणार? त्यापेक्षा सगळ्यांना एकेक चिठ्ठी द्या: 'काही मनातलं सांगायचं झालं तर शाळेतल्या कोणत्या दोघांना सांगशील?' चिठ्ठीवर स्वतःचं नाव नको. मोजायला बसलात की गंमत दिसते. शिक्षकांच्या यादीत कधीच न येणारी, मागच्या बाकावरची दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतात. ती घ्या. फक्त बघा, सेमी इंग्रजीच्या तुकडीतलीच सगळी भरली नाहीत ना, वसतिगृहातलं कुणी आहे का, खालच्या वस्तीवरून सायकलनं येणारं कुणी आहे का. मुलगेही निम्मे हवेत, नाहीतर सगळा भार मुलींवर पडतो. ज्याच्या घरी नुकतंच काही घडलंय त्याला यादीतून परस्पर काटू नका. बाजूला घेऊन विचारा, यंदा झेपेल का. पालकांची लेखी संमती घ्या आणि 'नको वाटलं तर कधीही सोडता येईल' हे वाक्य त्या कागदावर ठळक छापा.

प्रशिक्षण जुलैत, दीड-दीड तासाचे सहा-सात वर्ग. भाषणं कमी. तिघातिघांचे गट करा: एक सांगणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा, पाच मिनिटांनी अदलाबदल. सांगणारा म्हणतो, "दादा, मला शाळेत यायचंच नाही." नवा मेंटर दहा सेकंदांत उपदेशाला लागतो: "असं नाही म्हणायचं, अभ्यास कर, सगळं ठीक होईल." बघणाऱ्यानं हेच टिपायचं. त्याऐवजी, "कधीपासून असं वाटतंय? कुठल्या तासाला जास्त?" असं विचारून गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकवायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. 'माझ्यापण घरी असंच झालं होतं' म्हणून स्वतःची कहाणी सुरू करणं ही दुसरी खोड. तीही याच सरावात मोडून काढायची.

गुप्ततेचं वाक्य तोंडपाठ करून घ्या, कारण ते गप्पांच्या सुरुवातीलाच बोलायचं असतं: "तू सांगशील ते मी वर्गात कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला, किंवा तुला कुणी मारतंय, नको तसा हात लावतंय असं कळलं, तर मी ते बाईंना सांगेन. सांगण्याआधी तुला सांगेन." समोरची हमखास म्हणते, "आधी गळ्याशपथ घे." तिथे पक्की तयारी हवी: "शपथ नाही घेत. पण तुला एकटीला सोडणार पण नाही." शपथ घेऊन बसलेलं मूल रात्रभर जागं राहतं आणि दुसऱ्याचं ओझं एकटं वाहतं.

कोणती गोष्ट कुणाकडे न्यायची, याला तीन रंग पुरतात. भांडण, एकटं पडणं, गणिताची भीती हे हिरवं. मेंटरनं ऐकावं, मधल्या सुट्टीत डबा सोबत खावा. महिनाभर झोप नाही, जेवण तुटलंय, शाळा वारंवार बुडतेय, हे पिवळं. आठवड्याच्या आत शिक्षकांना सांगायचं. जीव नकोसा वाटणं, स्वतःला इजा करणं, लैंगिक त्रास, घरची मारहाण हे लाल. लाल असेल तर तपशील विचारत बसायचं नाही. एकटं सोडायचं नाही, सोबत चालत शिक्षकांकडे जायचं, तेही तास चालू असला तरी. त्यासाठी मेंटरला वर्गाबाहेर पडायची कायमची परवानगी हवी. शिक्षकांनी त्याच दिवशी मेंटरला परत भेटून सांगायचं, "पुढचं आमच्याकडे." एवढं ऐकलं नाही तर मूल स्वतःच पुढचं बघायला जातं.

लैंगिक त्रासाच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम १९ शिक्षकखोलीत वाचून दाखवा. गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आधी शाळेत शहानिशा करू' ही पळवाट तिथे नाही. न कळवल्याबद्दल कलम २१ खाली शिक्षा आहे. ती लहान मुलाला लागू होत नाही, शिक्षकाला आणि संस्थेच्या प्रमुखाला होते. मेंटरनं तुम्हाला सांगितलं की त्याची जबाबदारी संपली आणि तुमची सुरू झाली.

मेंटर आणि शिक्षकांची बैठक दर आठवड्याला, शनिवारी सकाळची शाळा सुटताना, चाळीस मिनिटं. नावं न घेता बोलायचं. वहीत फक्त तारीख आणि रंग. मजकूर लिहिला की वही कुणीतरी वाचतंच. या बैठकीत एक गोष्ट मुद्दाम विचारा: एकाच विषयावर एकाच मैत्रिणीशी तिसऱ्यांदा बोलणं चाललंय का? मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी २००२ मध्ये दाखवलं की दोन मैत्रिणी त्याच दुःखाभोवती फिरत राहिल्या तर मैत्री घट्ट होते, पण अस्वस्थता आणि खिन्नतेचाही त्याच्याशी संबंध दिसतो. तिसऱ्या वेळी हिरव्याचं पिवळं समजायचं.

बिघडतं कुठे? 'कोण मोबाइल आणतं, कुणाचं कुणाशी चालू आहे' हे एखाद्या सरांनी मेंटरला एकदा विचारलं की संपलं. ते वर्ष गेलं म्हणून समजा. दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. रात्री अकराला आलेल्या मेसेजला चौदा वर्षांच्या मुलानं उत्तर द्यायचं नाही. नियम एकच: बोलणं शाळेत, शाळेच्या वेळेत, रात्री काही आलं तर घरच्या मोठ्यांना दाखवायचं आणि १४४१६ लावायचा. एकट्या पडलेल्या मुलानं बसावं म्हणून मैदानात 'मैत्रीचा बाक' रंगवण्याची हौसही आवरा. त्यावर बसलेलं पोर सगळ्या शाळेला दिसतं. आणि शाळेत किंवा गावात एखाद्या मुलानं जीव दिला, तर मेंटरना सांत्वनाला पाठवू नका. ती मुलंही हादरलेली असतात. त्या आठवड्यात त्यांच्याकडेच आधी बघायचं.

पहिल्या सत्रात पिवळ्या-लाल नोंदी वाढल्या तर घाबरू नका. आधी जे कुणाला कळत नव्हतं ते आता कळतंय. दिवाळीनंतरही वहीत एकच रंग, हिरवा, दिसत असेल तर मात्र काळजी करा. एक तर मुलं सांगत नाहीत किंवा मेंटर दाबून ठेवतायत.

फेब्रुवारीत आठवीची नवी तुकडी निवडून जुन्यांसोबत दोन बैठका बसवा. आणि दहावीच्या निकालाचा दिवस शाळेच्या कॅलेंडरवर आधीच लाल करा. निकाल सुट्टीत लागतो, मेंटर घरी असतात. त्या दिवशी काठावरच्या मुलांना फोन करायची यादी दोन्ही शिक्षकांनी वाटून घ्यायची, आणि पहिला फोन निकाल साइटवर येण्याच्या आदल्या संध्याकाळी करायचा.