लिलावातील जुने फर्निचर, जुनी चित्रे आणि त्यांचे कागद

जुन्या युरोपीय फर्निचरच्या आणि तैलचित्रांच्या लिलावांचे कॅटलॉग आता घरबसल्या वाचता येतात. छत्रपती संभाजीनगरात राहून मुंबई-लंडनच्या या याद्या वाचत असताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. लिलावात बोली वस्तूवर लागते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, याच्या पुराव्यावर बोलीचा मोठा भाग उभा असतो. आपल्या मराठवाड्यातील वाड्यांमधून नेमका हाच पुरावा नाहीसा होत आहे, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

युरोपीय सामान आपल्याकडे आले तरी कसे, असा प्रश्न अनेकजण विचारतात. जालना, औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील दलाच्या, छावण्या होत्या. १९०३ मध्ये ते दल ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाले. बदली झालेला गोरा अधिकारी घरातील जड सामान बरोबर न नेता तेथेच विकून टाकी, ही त्या काळच्या छावण्यांमधील सर्वत्र रूढ असलेली रीत होती. अशी खरेदी आणि हैदराबाद-मुंबईहून मागवलेले सामान, या दोन वाटांनी गोल टेबले, बिलोरी आरसे, काचेची कपाटे आणि वेताच्या आरामखुर्च्या देशमुखांच्या, जहागीरदारांच्या आणि वकिलांच्या घरांत पोहोचल्या. आज एखादे माळवदाचे घर किंवा वाडा उतरवला जातो तेव्हा तुळया, खांब आणि हे सामान एकाच ढिगात पडते आणि सगळ्याचा सौदा लाकडाच्या भावाने होतो. हे पाहताना मला फार वाईट वाटते.

चित्रांच्या बाबतीत कॅटलॉगमधील शब्दांना केवढे वजन असते, हे नवख्या वाचकाच्या लवकर लक्षात येत नाही. चित्रकाराचे नाव सरळ, एकटे छापलेले असेल तर ते चित्र त्याच्याच हातचे आहे, असे लिलावगृहाचे मत असते. त्याच नावापुढे ‘यांचे मानले जाते’ असे आले की खात्री एक पायरी खाली उतरते. ‘यांच्या कार्यशाळेतील’ म्हटले की ते गुरूच्या देखरेखीखाली शिष्यांनी रंगवलेले असण्याचा संभव असतो, ‘यांच्या वर्तुळातील’ म्हणजे त्याच काळातील, त्याच्या प्रभावाखालील पण अनोळखी हाताचे, ‘यांच्या धाटणीचे’ म्हणजे बहुधा पुष्कळ नंतरच्या काळातील, आणि ‘यांच्या चित्रावरून’ म्हणजे उघड नक्कल. चौकट तीच, विषय तोच, पण या पायऱ्यांवरून खाली येताना किंमत एखाद्या घराच्या मोलावरून त्या घरातल्या पंख्याच्या मोलापर्यंत घसरू शकते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘साल्वातोर मुंदी’ हे ख्रिस्ताचे चित्र. १९५८ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात ते अवघ्या ४५ पौंडांना विकले गेले, कारण तेव्हा ते लिओनार्दो दा विंचीच्या शिष्याचे किंवा नक्कल करणाऱ्याचे काम मानले जात होते. २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या एका लिलावातही ते किरकोळ किमतीला गेले. त्यानंतर ते स्वच्छ केले गेले, दुरुस्त केले गेले, अभ्यासकांनी तपासले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात लिओनार्दोचे म्हणून ते सुमारे ४५ कोटी डॉलरना विकले गेले. ते पूर्णपणे त्याच्याच हातचे आहे का, याबद्दल तज्ज्ञांत आजही एकमत नाही. नावापुढचा शब्द बदलला की काय होते, ते येथे दिसते.

मराठवाड्यातील घरात एखादे मोठे विदेशी चित्र सापडले तर प्रथम ते तैलचित्र आहे का, हे पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत आणि अन्यत्र रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडी ठशांवरून छापलेली, चित्रे मोठ्या संख्येने छापली जात. त्यांवर वार्निश चढवून आणि कॅनव्हासचा पोत दाबून ती तैलचित्रासारखी दिसतील अशी व्यवस्था असे. भिंगातून पाहिल्यास ब्रशच्या फटकाऱ्यांऐवजी छपाईचे ठिपके दिसतात. खऱ्या तैलचित्राच्या बाबतीत पाठीमागची बाजूच अधिक बोलते: कॅनव्हासची वीण, ताणपट्टीच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवण्याच्या लाकडी चौकटीच्या, कोपऱ्यांतील पाचरी, जुने खिळे, विक्रेत्याची चिठ्ठी, खडूने किंवा शाईने घातलेले क्रमांक. प्रयोगशाळेत रंग तपासता येत असतील तर आणखी उत्तम. प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी आणि टायटेनियम पांढरा विसाव्या शतकात वापरात आला, त्यामुळे सतराव्या शतकातील म्हणवल्या जाणाऱ्या चित्राच्या मूळ थरात ते सापडले तर दावा तेथेच कोसळतो.

फर्निचर तपासणे मला चित्रापेक्षा सोपे वाटते, कारण लाकूड सहसा खोटे बोलत नाही. खण पूर्ण बाहेर ओढून उलटा करावा. हाताने कापलेल्या सांध्यांचे दात थोडे असमान असतात, यंत्राचे एकसारखे असतात. सरळ करवतीच्या खुणा आणि गोल करवतीने उमटलेल्या कमानदार खुणा यांतला फरक साध्या डोळ्यांना दिसतो. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आक्रसते, त्यामुळे जुने गोल टेबल मोजले तर ते काटेकोर गोल भरत नाही. मुठींच्या आतल्या बाजूला बुजवलेली जादा भोके दिसली तर पितळी मुठी बदललेल्या आहेत असे समजावे. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात वरचा लाकडी पापुद्रा सुटतो. तो दोष मी वयाचा मानतो, फसवणुकीचा नाही. हस्तिदंताचे जडावकाम असेल तर मात्र थांबावे, कारण भारतात हस्तिदंताचा व्यापार बेकायदेशीर आहे.

नजर तयार करायची असेल तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आपल्याला सर्वांत सोयीचे आहे. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान १९४९ मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या संग्रहातून १९५१ मध्ये हे संग्रहालय उघडले. तेथे युरोपीय चित्रे आणि फर्निचर एकाच इमारतीत पाहता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील युरोपीय चित्रे आहेत.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. हातोडा पडतो ती रक्कम शेवटची नसते. तिच्यावर खरेदीदाराचा अधिभार (लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते शुल्क), कर आणि वाहतूक चढते. विकणाऱ्याने ‘राखीव किंमत’ लिहून घ्यावी, म्हणजे त्याखाली वस्तू जाणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत, म्हणून परदेशी दलालाच्या आमिषाला बळी पडू नये.

वाडा उतरवणाऱ्या नातेवाइकांना माझी विनंती एवढीच असते, की सामान हलवण्याआधी प्रत्येक वस्तूचा तिच्या जागेवरचा फोटो काढा, जुन्या पेटाऱ्यातील पावत्या आणि पत्रे फेकू नका, आणि पॉलिश करणाऱ्या सुताराला पाठीमागच्या चिठ्ठ्या व क्रमांक खरवडू देऊ नका. स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५० च्या दशकात घडवलेल्या खुर्च्या पुढे भंगार म्हणून निघाल्या आणि युरोपातील लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. त्या अस्सल आहेत हे ओळखताना आजही पाहतात तो त्यांच्या पाठीवर सरकारी नोंदीसाठी रंगाने घातलेला क्रमांक.