३२ सेकंदांनी तुटणारा कॉल: सिप ते वेब गेटवे, अपडेट ४

तर मंडळी, कॉल आता तुटत नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातले अडीच आठवडे मी चुकीच्या जागी खणत होतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल लावण्या-तोडण्याची बोली, आणि मी तिला वेबशी जोडणारा पूल बांधतोय. एका बाजूला मोबाइलवर सॉफ्टफोन (कॉल करणारं ॲप) आहे, तो यूडीपीवरून (पोच न मागणारी साधी पॅकेट वाहतूक) सिप बोलतो. दुसऱ्या बाजूला वेब, म्हणजे एक साधी रेस्ट एपीआय (वेब प्रोग्रॅमने विनंत्या पाठवायची सोय) आणि ब्राउझरमधलं वेबआरटीसी (ब्राउझरातून थेट बोलायची सोय). मध्ये सर्व्हरवर पुढे कामाइलिओ (सिप मेसेज पुढे धाडणारा प्रॉक्सी), मीडियासाठी म्हणजे आवाजासाठी आरटीपीइंजिन, आणि या दोघांच्या मागे डॉकर कंटेनरमध्ये मी गो मध्ये लिहिलेला बी-टू-बी-यूए (दोन्हीकडे वेगळा कॉल करून ते जोडणारा), तोच खरा पूल, त्यालाच पुढे गेटवे म्हणतो. खऱ्या ऑपरेटरच्या आयएमएसला (त्यांच्या आतल्या कॉल यंत्रणेला) आपल्यासारख्या हौशी माणसाला हात लावता येत नाही, तिथे सिममधल्या किल्लीवरून ऑथेंटिकेशन होतं आणि फोन ते पी-सीएससीएफ (आयएमएसचा पहिला सर्व्हर) आयपीसेकचं संरक्षण असतं, त्यामुळे आपण आपला सॉफ्टफोनच बरा. ऑपरेटरकडे काय आणि सॉफ्टफोनकडे काय, सिप सिपच आहे, गाभा तोच.

पहिल्या व्हर्जनमध्ये मी ब्राउझरलाच सिप बोलायला लावलं होतं, वेबसॉकेटवरून (ब्राउझर-सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी), आरएफसी ७११८ या इंटरनेट मानकाप्रमाणे. चालतं मस्त. पण मग वेबवाल्या मित्राला बटण लावायचं होतं तर त्याला आधी डायलॉग, ट्रान्झॅक्शन, टॅग असलं सगळं शिकवायला लागलं आणि तो दुसऱ्याच दिवशी पळाला. तेव्हा ठरवलं की वेबवाल्याला फक्त जेसन (साधा मजकुरी डेटा) दिसेल, सिपचा वाससुद्धा येता कामा नये.

आता तो ३२ सेकंदांचा किस्सा. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित, सॉफ्टफोन तिथेच, गेटवे तिथेच, अर्धा तास बोला, काही होत नाही. मोबाइलवर डेटा चालू करून सर्व्हरला कॉल लावला की कॉल लागतो, दोन्हीकडून आवाज स्वच्छ, आणि बोलता बोलता आवाज गायब. फोनच्या स्क्रीनवर सेकंद मोजणं चालूच, ब्राउझरमध्ये मात्र ‘कॉल संपला’. मला वाटलं मीडियाचं काहीतरी आहे, एनएटीचा (फोनला खासगी पत्त्यामागे ठेवणाऱ्या राउटरचा) टायमर असेल, म्हणून आरटीपीइंजिनच्या मागे लागलो, टर्न सर्व्हर लावला, कीपअलाइव्ह वाढवले, सगळे अघोरी उपाय झाले. मग एकदा सहज स्टॉपवॉच लावून बघितलं, ३२. परत, ३२. परत ३२. एवढा काटेकोर आकडा नेटवर्कच्या लहरीतून येत नाही, तो कुणीतरी कोडमध्ये लिहिलेला असतो.

आणि तो लिहिलेलाच आहे. आरएफसी ३२६१ (२००२ चा, अजूनही सिपची गीता) मध्ये टी१ (मूळ टायमर) म्हणजे अर्धा सेकंद, आणि त्याच्या ६४ पट म्हणजे ३२. कॉल इन्व्हाइट या मेसेजने सुरू होतो. फोन उचलणाऱ्या बाजूने २०० ओके (उचलला) पाठवला की समोरून ॲक (पोच) यायला हवा. नाही आला तर तो २०० ओके परत पाठवायचा, अर्ध्या सेकंदाने, मग १, मग २, मग दर ४ सेकंदांनी, आणि ३२ सेकंद झाले की हात टेकायचे आणि बाय (कॉल संपवा) पाठवायचा. सर्व्हरवर एसएनग्रेप (सिप मेसेज दाखवणारं टूल) उघडला तर शिडी समोरच होती: २०० ओके, २०० ओके, २०० ओके, पहिला धरून ११ वेळा, आणि ॲक एकही नाही. फोनवर कॅप्चर घेतलं तर फोन बिचारा प्रत्येक वेळी इमानदारीत ॲक पाठवतोय. कुठे? १७२.१७.०.२ ला.

डॉकर वापरणाऱ्यांनी इथेच कपाळावर हात मारला असेल. माझा गेटवे काँटॅक्ट हेडरमध्ये (पुढचे मेसेज कुठे पाठवायचे ते सांगणारी ओळ) कंटेनरच्या आतला पत्ता घालत होता. २०० चा ॲक ही वेगळी ट्रान्झॅक्शन असते, तो इन्व्हाइटच्या वाटेने आपोआप परत जात नाही, काँटॅक्ट आणि रेकॉर्ड-रूट (मधल्या प्रॉक्सीने ‘मला वाटेत ठेवा’ म्हणून लावलेली ओळ) बघून जातो. आणि कामाइलिओच्या कॉन्फिगमध्ये नेमक्या त्या फाट्यावर मी रेकॉर्ड-रूट लावायला विसरलो होतो, त्यामुळे कामाइलिओ पहिल्या इन्व्हाइटनंतर वाटेतून बाजूला झाला आणि फोन थेट कंटेनरला गाठायला निघाला. लॅपटॉपवर तो पत्ता खरंच पोचणारा होता म्हणून तिथे चाललं. मोबाइल डेटावरून तो कुठेच जात नाही. गेटवेचा बायसुद्धा कामाइलिओला वगळून निघायचा आणि फोनच्या एनएटीवर आपटायचा, म्हणून फोनवर सेकंद मोजणं चालूच. मीडिया मात्र ठणठणीत कारण एसडीपीमधला (आवाज कुठे आणि कसा पाठवायचा ते सांगणारा भाग) पत्ता आरटीपीइंजिन बरोबर भरत होता. म्हणजे आवाज नीट येतोय यावरून सिग्नलिंग नीट आहे असं मी धरून चाललो आणि तिथेच फसलो. दुरुस्ती दोन ओळींची, एक कामाइलिओमध्ये आणि एक काँटॅक्टचा पत्ता बाहेरून घ्यायची. अडीच आठवडे!!

असो. पण या नादात आरएफसी परत नीट वाचून झाला आणि वेबच्या बाजूला मी काय चुकीचं बांधलंय ते दिसायला लागलं.

मी सुरुवातीला समजत होतो की हे भाषांतराचं काम आहे, इकडून पोस्ट (वेबची ‘सुरू कर’ विनंती) आला की तिकडे इन्व्हाइट, इकडून डिलीट (‘संपव’) की तिकडे बाय, झालं. मेसेजचं भाषांतर खरंच एका शनिवारचं काम आहे. पण वेबवर एका प्रश्नाला एक उत्तर असतं आणि विषय संपतो. सिपमध्ये एका इन्व्हाइटला १०० (मिळाला, बघतो) येतो, १८० (वाजतोय) येतो, कधी १८३ (काम चालू आहे) येतो, मग पाऊण मिनिटाने २०० येतो किंवा येतच नाही, आणि मध्ये कुणाचंही मन बदलू शकतं. हा मधला सगळा वेळ कुणीतरी सांभाळून ठेवायचा, खरी मेहनत तिथे आहे.

उदाहरण बघा. माझा कॉल सुरू करायचा पोस्ट समोरच्याने फोन उचलेपर्यंत थांबून राहायचा, उचलला की उत्तर द्यायचा. साधं सरळ. वेबच्या बाजूच्या लायब्ररीचा टाइमआउट ३० सेकंद, आणि टाइमआउट झाला की ती स्वतःहून परत प्रयत्न करते. मी स्वतःलाच कॉल लावला, मुद्दाम फोन वाजत ठेवला, ३५व्या सेकंदाला उचलला, ‘हॅलो’ म्हटलं आणि कानात कॉल वेटिंगची बीप. दुसरा कॉलही मीच केलेला. गेटवेच्या दृष्टीने दोन वेगळे पोस्ट, दोन वेगळे कॉल-आयडी, त्याची काही चूक नाही.

गंमत म्हणजे सिपने हा प्रश्न कधीच सोडवलाय. यूडीपीवर इन्व्हाइट पुन्हा पाठवला तरी व्हाया हेडरमधला ब्रँच (ट्रान्झॅक्शनची खूण) तोच असतो, त्यावरून समोरचा ओळखतो की हे जुनंच आहे आणि नवीन फोन वाजवत नाही. त्या ब्रँचची सुरुवात ठरलेल्या सात अक्षरांनी होते, ज्यांनी लॉग वाचलेत त्यांना ती स्वप्नातही दिसत असतील. मी तीच आयडिया वेबवर उचलली. पोस्टसोबत एक ओळख-की येते, तीच ओळख-की परत आली तर जुन्याच कॉलची माहिती परत द्यायची. आणि पोस्ट आता थांबत नाही, लगेच २०२ (स्वीकारलं) आणि कॉलचा आयडी देऊन मोकळा होतो, पुढचं वाजतंय-उचलला-संपला हे सगळं वेबसॉकेटवरून इव्हेंट म्हणून जातं.

यात मी काही नवीन शोधलं असं नाही. टेलिकॉमवाल्यांनी पार्ले एक्स नावाची वेब सर्व्हिस काढली होती, सोपवर (एक्सएमएल मेसेजच्या जुन्या पद्धतीवर) चालणारी, थ्रीजीपीपी या मोबाइल मानक संस्थेच्या २९.१९९ मालिकेतही ती आहे. त्यात मेककॉल असंच लगेच आयडी देतं आणि मग गेटकॉलइन्फर्मेशनने आपण विचारत राहायचं, झालं का, झालं का. आता ते एक्सएमएल बघून डोळे दुखतात पण मांडणी विचारपूर्वक होती. एक गोष्ट मला तेव्हा उगाच वाटली होती: एंडकॉल आणि कॅन्सलकॉल वेगळे कशाला? नंतर कॅन्सलने (कॉल लागण्याआधीच रद्द करणाऱ्या सिप मेसेजने) माझं डोकं खाल्लं तेव्हा कळलं.

कॅन्सलचं असं आहे की समोरून निदान १०० तरी आल्याशिवाय तो पाठवायचाच नाही असा नियम आहे. म्हणजे यूझरने कॉल लावून पटकन रद्द केला तर डिलीट आपल्याकडे धरून ठेवायचा, १०० किंवा १८० आला की मग कॅन्सल सोडायचा. आणि तो वाटेत असताना समोरच्याने फोन उचलला तर? हे मला पुस्तकी वाटायचं, दिवाळखोरीच्या फॉर्मसारखं, आपल्याला कधी लागणार. मग एसआयपीपीने (टेस्टचे कॉल मारणारं टूल) हजारभर कॉल उडवले आणि लॉगमध्ये दिसलं: डिलीट आला, कॅन्सल गेला, आणि ४८७ (रद्द झाला) ऐवजी २०० ओके. तेव्हा कॉल लागलेला असतो, त्याला आधी ॲक द्यायचा आणि मग बाय. माझा कोड २०० कडे दुर्लक्ष करत होता, म्हणजे समोरचा माणूस ३२ सेकंद (हो, परत तेच) हॅलो हॅलो करत बसणार.

पार्ले एक्ससारखे दोन वेगळे कॉल मी तरी ठेवले नाहीत, वेबवाल्याला ‘वाजतोय का लागलाय’ हे माहीत असायची सक्ती मला पटत नाही. डिलीट एकच, आत गेटवे ठरवतो कॅन्सल की बाय. मात्र शेवटच्या इव्हेंटमध्ये खरं काय झालं ते लिहून जातं: वाजताना रद्द, की लागून बंद. बिलिंग वगैरे करणाऱ्याला हा फरक लागणारच.

क्लिक-टू-कॉल पण केलं, म्हणजे वेबवरून दोन फोन जोडायचे. आरएफसी ३७२५ मध्ये याचे चार फ्लो दिलेत. पहिला दिसायला सुंदर: पहिल्याला बिनएसडीपीचा इन्व्हाइट, त्याच्या २०० मधली ऑफर (म्हणजे त्याचा एसडीपी) दुसऱ्याला, दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला ॲकमध्ये. अडचण ओळखा. दुसरा फोन उचलेपर्यंत पहिल्याला ॲक नाही, आणि ॲक नाही म्हणजे... बरोबर. आरएफसीतच लिहिलंय की दुसरीकडे लगेच उचलणारं मशीन असेल तरच हा वापरा. माणसांसाठी मी पहिल्याला गेटवेची स्वतःची ऑफर देतो, त्याला रिंगटोन ऐकवत ठेवतो आणि दुसरा आला की री-इन्व्हाइट (चालू कॉलमध्ये एसडीपी बदलणारा इन्व्हाइट).

कोडेकचं (आवाज डिजिटल करायच्या पद्धतींचं) पटकन. वेबआरटीसीत ओपस आणि जी.७११ दोन्ही असावेच लागतात, सॉफ्टफोनकडे जी.७११ आहेच, त्यामुळे आळशीपणा करून बिनट्रान्सकोड (एका कोडेकातून दुसऱ्यात न बदलता) चालवता येतं. मी तरी ओपस घालायला गेलो आणि आवाज तुटक तुटक यायला लागला. ओपसचं आरटीपी (आवाजाच्या पॅकेटचं) घड्याळ कायम सेकंदाला ४८००० टिक, म्हणजे २० मिलिसेकंदाला ९६०, जी.७११ चं ८००० म्हणजे १६०. माझ्या टेस्ट जनरेटरने जी.७११ लाही ९६० लावले होते, समोरच्याला वाटायचं प्रत्येक पॅकेटमागे १०० मिलिसेकंदाची फट आहे. जी.७२२ च्या नादी लागणाऱ्यांनी अजून सांभाळा, तो सॅम्पल करतो १६००० ला आणि आरटीपीत सांगतो ८०००, जुन्या चुकीचा वारसा म्हणून तसंच ठेवलंय.

आता अडकलोय ते वायफायवरून मोबाइल डेटावर जाण्यात. फोनचा आयपी बदलतो, सॉफ्टफोन परत रजिस्टर करतो, नवीन एसडीपी घेऊन री-इन्व्हाइट पाठवतो, आणि तेवढ्या वेळात वेबला काय दाखवायचं? सध्या ‘परत जोडतोय’ असा एक इव्हेंट टाकलाय. काल बोलत बोलत घराबाहेर चालत गेलो, वायफाय सुटलं, ९ सेकंद शांतता, मग आवाज परत आला पण एकाच बाजूने. मला ब्राउझर ऐकू येतोय, त्याला मी नाही. संशय आरटीपीइंजिनला जुनाच पत्ता धरून बसण्याचा आहे. कॅप्चर घेऊन ठेवलंय, ४० एमबीचं आहे, आज रात्री बसतो.